साथीला कोण होतं?

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बॅगेत, कॅब ट्रॅफिकमध्ये आणि कानात हेडफोन. नव्या गाण्यांची लिस्ट संपली की बोट आपोआप जुन्या हिंदी गाण्यांकडे वळतं. नौशाद, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर. आईबाबांची गाणी म्हणता म्हणता ती केव्हाच आपली झालेली असतात. चाल पाठ, शब्द पाठ, कुठल्या ओळीला हिरोईन मान वळवते तेही पाठ!

आज जरा उलटं करून बघा. गाणाऱ्याचा आवाज बाजूला ठेवा आणि दोन कडव्यांच्या मधे जे वाजतं तेवढंच ऐका. एकदम व्हायोलिन्सचा ताफा उसळून येतो. मागे चेलो स्वतःचीच वेगळी चाल गुणगुणत असतो. मधेच एखादा ट्रम्पेट डोळा मारून पसार होतो. हे सगळं कोण वाजवत होतं? आणि त्याआधी हे कागदावर लिहून कोण देत होतं?

सेबॅस्टियन डिसोझा. अँथनी गोन्साल्विस. फ्रँक फर्नांड. चिक चॉकलेट. जॉनी गोम्स. नावांवरून अंदाज आलाच असेल. ही सगळी गोव्याची मंडळी. आता शाळेतल्या इतिहासाची थोडी उजळणी. गोवा भारतात आला तो १९ डिसेंबर १९६१ ला. त्याआधी साडेचारशे वर्षं तिथे पोर्तुगालचं राज्य होतं. म्हणजे ज्या वर्षांना आपण हिंदी सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातली बरीचशी वर्षं मुंबईच्या रेकॉर्डिंग रूममध्ये व्हायोलिन घेऊन बसलेला माणूस परक्या राजवटीतून आलेला होता. आजच्या भाषेत, इमिग्रंट!

बाहेरून आलेल्या माणसाला शहर आपलं कसं म्हणतं, आणि सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलं की ते काम सोपं होतं का, यावर सध्या जगभर परिसंवाद झडत असतात. आपल्या मुंबईत हा प्रयोग चांगला चाळीस-पन्नास वर्षं चालू होता, तोही एकाही परिसंवादाशिवाय. तो किती जमला आणि नेमका कुठे अडला, ते आज बघू या.

एक खोली, पन्नास ट्रंका

गोव्यात तेव्हा नोकऱ्या कमी आणि चर्च पुष्कळ. चर्चला जोडून शाळा, आणि शाळेत संगीताचा तास अगदी नेमाचा. आपल्याकडे पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे, तसे तिथे संगीताचे मास्तर पोरांकडून स्वर वाचून घ्यायचे. पाच रेघांवरचे काळे ठिपके बघायचे आणि थेट गायचं. जरा जमलं की हातात व्हायोलिन. घरी शेत असो वा नसो, दहा-बारा वर्षांच्या पोराला पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचता यायचं.

ही पोरं मोठी झाली की पोटासाठी मुंबई गाठायची. उतरायची धोबीतलावला, नाहीतर माझगावला. तिथे होते कूड. कूड म्हणजे कोकणीत खोली. एकेका गावाचा एकेक कूड. आजच्या पीजीचा खापरपणजोबाच म्हणा ना! भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, एका बाजूला छोटं अल्टार, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, स्वयंपाकी, शिंपी आणि वादक, सगळे एकाच छपराखाली. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे बरेच कूड होते.

या माणसांनी आपली करमणूकही आपणच उभी केली. कोकणीत तियात्र नावाचा नाटकाचा प्रकार आज गोव्यात तुफान चालतो. पण पहिलं तियात्र गोव्यात झालंच नाही. ‘इटालियन भुर्गो’ नावाचा तो खेळ १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला. घर सोडून आलेल्या माणसांनी परक्या शहरात स्वतःच्या भाषेला नवा रंगमंच दिला.

पण हे झालं आपल्या माणसांनी आपल्याच माणसांसाठी केलेलं. परदेशातल्या आपल्या मंडळांचा गणपती असतो ना, तसंच. उब मिळते, शहराशी ओळख मात्र होतेच असं नाही. ती व्हायला दुसऱ्या कुणालातरी तुमची गरज लागावी लागते.

ताजमधून ताडदेवला

ती गरज होतीच. हॉटेलांच्या बॉलरूम, जिमखान्यांचे डान्स, मूकपटाला साथ करणारे वादक, संस्थानिकांचे बँड... कागदावर लिहिलेलं संगीत बघताक्षणी वाजवणारा माणूस हवा असला की गोवेकर शोधायचा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. त्या काळच्या अमेरिकेत वर्णभेद कायद्यात लिहिलेला होता. अशा देशातून आलेल्या या वादकांकडून गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यातूनच ‘चिक चॉकलेट’ झाला, आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले.

मग काळ फिरला. इंग्रज गेले, संस्थानं गेली आणि १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली. दारू नाही तर डान्स कुठला, आणि डान्स नाही तर बँड कुठला! नेमकी त्याच सुमाराला सिनेमाची गाणी मोठी व्हायला लागली होती. ‘आन’ (१९५२) साठी नौशाद यांनी शंभर वादकांचा ताफा बसवल्याचं अजून कौतुकाने सांगितलं जातं. शंभर वादक हवेत, तेही वाचून वाजवणारे. आणणार कुठून? हॉटेलातल्या बँडवाल्यांना सिनेमावाल्यांची गरज होती आणि सिनेमावाल्यांना बँडवाल्यांची. इथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

सिटिंगचा फंडा

आता त्या खोलीत जरा डोकावू या. गाणं बसायचं ते ‘सिटिंग’मध्ये. संगीतकार हार्मोनियम घेऊन चाल ऐकवणार. ढोलकवाला ठेका धरणार. बाजूला अरेंजर कागद-पेन्सिल घेऊन बसलेला. चाल ऐकता ऐकता तो ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवणार. व्हायोलिन कुठे उठणार, कुठे गप्प राहणार, ट्रम्पेट किती मात्रा थांबणार, सगळं तो ठरवणार, निदान संगीतकाराला सुचवणार तरी. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढायचा, त्याच्या नकला करायच्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी ताडदेवच्या फेमसमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये सगळे हजर. कट-पेस्ट नाही, ऑटोट्यून नाही. गायक, वादक सगळे एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. शेवटच्या ओळीला कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या एक्सेल शीटमधून ‘अनडू’ काढून टाकलं तर काय होईल, विचार करा!

आणि खोलीत माणसं तरी कुठकुठची? नौशाद लखनौचे. शंकर हैदराबादचे, जयकिशन गुजरातचे. नय्यर लाहोरचे. सलील चौधरी बंगाली. सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे खरे, पण त्यांचा बँड होता लाहोरात. फाळणीने त्यांना मुंबईत आणलं. सी. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘आमची मुंबई’ वगैरे ठीक आहे, पण या खोलीत अस्सल मुंबईकर शोधायला गेलात तर पंचाईत होईल.

भाषेचंही तसंच. हार्मोनियमवाला हिंदी-उर्दूत सांगणार, अरेंजर कोकणी-इंग्रजीत विचार करणार, सारंगीवाल्याला स्टाफ नोटेशन म्हणजे मुंग्यांची रांग, आणि व्हायोलिनवाल्यांना मींड म्हणजे काय ते नव्याने शिकायचं. चर्चच्या शाळेत प्रत्येक स्वर स्वच्छ, सुटा वाजवायची शिस्त. इथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, आणि ती घसरण हीच गंमत! तिकडे सतारवाल्याला मात्रा मोजून, हाताच्या इशाऱ्यावर नेमक्या क्षणी शिरायचं, आणि आठ मात्रा झाल्या की गुपचूप थांबायचं. बैठकीत तासभर आलाप करणाऱ्याला हे किती जड गेलं असेल!

भूपाचा प्रॉब्लेम

मीटिंगमध्ये ‘कल्चरल डिफरन्स’ हा शब्द आपण येता-जाता वापरतो. खराखुरा कल्चरल डिफरन्स कसा असतो ते बघायचंय? भूप राग घ्या. सा, रे, ग, प, ध. बस्स, पाच स्वर. म आणि नी वर्ज्य.

आता गिटारच्या क्लासला जा. सर पहिल्याच आठवड्यात तीन कॉर्ड शिकवतात. पहिल्या कॉर्डमध्ये सा-ग-प. भूपाला चालेल. दुसऱ्यात म-ध-सा. आला का म! तिसऱ्यात प-नी-रे. आला का नी! म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सगळ्यात साध्या तीन कॉर्डपैकी दोन कॉर्ड भूपाचं वाटोळं करतात. दोष कुणाचाच नाही. एक संगीत एकाच चालीच्या वळणावळणांत रमणारं, दुसरं एकावर एक स्वर रचून इमारत बांधणारं. दोघांचे नियम आपापल्या घरी बरोबर.

मग करायचं काय? कॉर्डचा थर सरसकट खाली पसरला तर राग गेला. काहीच नाही दिलं तर साठ माणसं बोलावली कशाला? अरेंजर मंडळींनी काढलेली एक वाट म्हणजे जोडीची चाल, काउंटर मेलडी. गायिका श्वास घेते तिथे व्हायोलिन्स बोलतात. ती गाते तेव्हा चेलो खालून स्वतःचा रस्ता धरतो, कधी तिला भेटतो, कधी लांब जातो, पण मूळ चालीचा स्वभाव मोडत नाही. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. इंटरल्यूड संपून आवाज परत येतो तो क्षण ऐका. दोन वेगळ्या घरांमधला दरवाजा कुणीतरी इतक्या हळुवार उघडलेला असतो की आवाजसुद्धा येत नाही.

हे ‘थोडं तुमचं, थोडं आमचं’ असं वाटून घेणं नव्हतं. वाटून घेतलं असतं तर एक कडवं तबल्याचं आणि एक कडवं ट्रम्पेटचं झालं असतं. इथे दोघांनाही आपली सवय सोडून तिसरंच काहीतरी शोधावं लागलं. ते तिसरं आज इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्याला ‘फ्यूजन’ म्हणतसुद्धा नाही. म्हणतात, ‘आपली जुनी गाणी’!

मंगेशी भेटते माजोर्ड्याला

या गोष्टीतला सगळ्यात सॉलिड भाग अजून बाकी आहे. मुंबईला गोव्याहून फक्त व्हायोलिन आलं नाही. केसरबाई केरकर गोव्याच्या. मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या. लताबाईंचा जन्म इंदूरचा, पण वडील मास्टर दीनानाथ मंगेशीचे. आडनावातच गाव आहे. देवळांच्या आसऱ्याने वाढलेलं गाणं घेऊन आलेला हा दुसरा गोवा. म्हणजे एक गोवा देवळातला, एक गोवा चर्चमधला. मंगेशी ते माजोर्डा हे अंतर आज गाडीने तासाभराचं. पण तिथे राहून ही दोन संगीतं एकमेकांच्या वाऱ्याला फारशी उभी राहिली नाहीत. दोघांचे श्रोते वेगळे, सण वेगळे, धर्म वेगळे.

ती भेटली मुंबईत. लताबाई माइकसमोर आणि मागे गोव्याची व्हायोलिन्स. गावात जे जमलं नाही ते परक्या शहरात जमलं, कारण इथे दोघांनाही नव्याने सुरुवात करायची होती.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांना तर एवढ्यानेही समाधान नव्हतं. जन्म १९२७ चा. सिनेमात व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे, मुलांना शिकवायचे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. त्यांना वाटायचं, तीन मिनिटांच्या गाण्यात राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र नांदतात, मग मोठ्या रचनेत का नाही? त्यांनी रागांवर आधारलेल्या ऑर्केस्ट्राच्या रचना लिहिल्या, वादक जमवले आणि १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्या सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! झेवियर्स आणि धोबीतलावचे कूड यांच्यात चालत काही मिनिटांचं अंतर. गोव्यातल्या चर्चच्या मास्तरापासून निघालेला रस्ता इथवर आला होता.

पडद्यावरचा पीटर

इथवर सगळं गोड गोड. आता कडू घास.

त्या काळच्या सिनेमांच्या टायटल्स बघा. संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरांत, आख्ख्या पडद्यावर. अरेंजरचं नाव असलंच तर ‘सहायक’ म्हणून, चार नावांच्या गर्दीत. वादकांचं तर नावच नाही. साठ माणसांनी वाजवलेलं गाणं श्रेयनामावलीत दोन-तीन माणसांचं होऊन जातं. व्हायोलिन वाजवणारा मराठी असो की गोवेकर, नाव कुणाचंच नाही हे खरं. पण गोवेकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याच पडद्यावर, त्याच सिनेमात, गोव्याचा ख्रिश्चन माणूस दिसायचा तो कसा? हातात बाटली, डोक्यावर तिरकी हॅट, ‘हम तुमको बोलता है मॅन’ असली हिंदी. आणि बाई असली तर कॅबरेत नाचणारी. ज्या सीनमध्ये हा विनोदी पीटर झोकांड्या खायचा, त्याच सीनचं पार्श्वसंगीत पाच रेघांच्या कागदावर शिस्तीत लिहून देणारा माणूस त्याच्याच गावचा असायचा!

कागदपत्रांचं बघा. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली, गावी जाणं-येणं मुश्कील झालं. त्याच १९५५ साली ‘श्री ४२०’ धो धो चालत होता. बाहेरून मुंबईत आलेल्या साध्या माणसाची गोष्ट, आणि संगीत शंकर-जयकिशनचं, ज्यांच्या ताफ्यात गोव्याचे वादक होते. बाहेरून आलेल्याच्या कहाणीला अख्खा देश रडत-हसत होता, आणि मागे वाजवणाऱ्याला सणाला घरी जायचीही खात्री नव्हती.

मग या माणसांनी काय केलं? काहींनी आपली शिदोरी घेऊन स्वतःच्या भाषेची वाट धरली. फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या सिनेमात कमावलेला अनुभव पणाला लावून ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी सिनेमे काढले. ‘निर्मोण’ची कथा पुढे ‘तकदीर’ (१९६७) म्हणून हिंदीत गेली. मुंबईने त्यांच्याकडून घेतलं, त्यांनी मुंबईकडून घेतलं आणि घरीही पाठवलं. परक्या शहरात मिसळायचं म्हणजे स्वतःचं पुसून टाकायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन सिनेमे लक्षात ठेवावेत.

आणि अँथनी गोन्साल्विस? १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. परतल्यावर माजोर्ड्यात राहिले, प्रसिद्धीपासून लांब. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. अंड्यातून बाहेर येऊन, टॉप हॅट घालून अमिताभ आपलं नाव सांगतो, ते गाणं आठवतंय ना? संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. प्यारेलालनी आपल्या गुरूला तिथे मुजरा केला. नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसलं. पण ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना ठाऊक होतं? २०१२ मध्ये ते गेले तेव्हा, ‘अरे, अँथनी गोन्साल्विस खरंच होते?’ असंच बहुतेकांना वाटलं असणार.

रोमचा चौक

आता जरा लांबची चक्कर. हाच प्रश्न आज बाहेर कसा हाताळतात, त्याचं एक उदाहरण रोममध्ये आहे. रेल्वे स्टेशनजवळ पियात्सा व्हित्तोरिओ नावाचा चौक आहे. आसपासच्या वस्तीत बाहेरून आलेले लोक इतके की मूळ इटालियन शोधावा लागतो. २००२ मध्ये मारिओ त्रोन्को हा संगीतकार आणि अगोस्तिनो फेर्रेन्ते हा डॉक्युमेंटरी करणारा दिग्दर्शक, दोघांनी मिळून या वस्तीच्या नावाने एक ऑर्केस्ट्रा काढला. ट्युनिशिया, इक्वेडोर, क्युबा, सेनेगल अशा कुठकुठल्या देशांतले वादक, त्यात भारतातून गेलेलेही. २००६ मध्ये त्याच्यावर डॉक्युमेंटरी आली आणि ऑर्केस्ट्रा जगभर गाजला.

मला यातली भावलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच २००२ साली इटलीत नवा कायदा आला आणि बाहेरच्या माणसाचा राहण्याचा परवाना नोकरीच्या कराराशी बांधला गेला. अशा वेळी या ऑर्केस्ट्राने वादकांना काम दिलं, आणि कामाबरोबर परवान्याची वाट. ‘या, तुमचं छान छान लोकसंगीत ऐकवा, टाळ्या घ्या आणि घरी जा’ असा मामला नव्हता. पगार, कागद आणि पोस्टरवर नाव, तिन्ही. आपल्या रेकॉर्डिंग रूममध्ये संगीत कदाचित याहून मोठं झालं. पण कागद आणि नाव या दोन रकान्यांत आपण मार खाल्ला.

मग आपण काय करायचं?

तुमच्यापैकी निम्मे तरी आज दुसऱ्या गावात नोकरी करत असतील. कोल्हापूरचा पुण्यात, नागपूरची बंगळुरूत, डोंबिवलीचा फ्रँकफर्टमध्ये. ऑफिसात ‘कल्चरल डे’ होतो. कुणी भांगडा करतं, कुणी लावणी, कुणी गरबा. फोटो ग्रुपवर पडतात आणि सोमवारी लंच टेबलं पुन्हा भाषेनुसार वेगवेगळी. परदेशातले आपले ढोलताशा पथकवाले दणक्यात वाजवतात. गोरे शेजारी मोबाइल काढून शूट करतात, छान म्हणतात आणि पुढे जातात. मजा येते, वाईट काहीच नाही. फक्त त्याला ‘मिसळणं’ म्हणू नका. तो झाला स्टॉल. प्रत्येकाचा आपापला, शेजारी-शेजारी.

मिसळणं खरंच होतंय का, हे तपासायचं तर गोवेकरांच्या गोष्टीतून तीन साधे प्रश्न मिळतात. पहिला, दोघांनाही एकमेकांची खरी गरज आहे का? ताडदेवला होती, म्हणून तर जमलं. दुसरा, शिकतंय कोण? फक्त बाहेरून आलेला शिकत असेल, तर ते ट्रेनिंग. तिथे व्हायोलिनवाला मींड शिकला आणि सतारवाला मात्रा मोजायला शिकला. तिसरा, काम झाल्यावर नाव कुणाचं लागतं? इथे मात्र आपण नापास झालो.

बघा, तिसरा प्रश्न संगीताचा राहतच नाही. साठ माणसं मिळून अप्रतिम वाजवू शकतात आणि रात्री बाहेर पडल्यावर त्यातल्या एकाला शहर ‘पीटर’ म्हणून हसू शकतं. एकत्र वाजवल्याने कान बदलतात. पण श्रेयनामावली, भाड्याने मिळणारं घर, परवाना आणि पडद्यावरची प्रतिमा आपोआप बदलत नाहीत. ते कुणीतरी बसून बदलावं लागतं.

यातला सगळ्यात सोपा भाग आपल्या हातात आहे. पुढच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर कुणाकुणाची नावं जातात ते बघा. ज्या नव्या पोराची भाषा अजून अडखळते, पण ज्याच्या मॉडेलवर अख्खा प्रोजेक्ट उभा आहे, त्याचं नाव त्यात आहे का? की ‘टीम’ एवढंच लिहून मोकळे झालात?

आणि रविवारी दुपारी वेळ असेल तर ‘अलबेला’ (१९५१) लावा. हिरो आणि दिग्दर्शक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. हिरोईन पंजाबची गीता बाली. आणि गाण्यात, नाचणाऱ्यांच्या मागे, चक्क पडद्यावर, आपल्या बँडबरोबर उभा आहे हळदोण्याचा चिक चॉकलेट. त्या काळी वादकाचा चेहरा दिसणं ही दुर्मीळ गोष्ट. गीता बालीवरून नजर हटवणं अवघड आहे, मान्य. पण दोन मिनिटं हटवा, आणि शेजारी बसलेल्याला सांगा की तो मागचा ट्रम्पेटवाला कोण आहे.